जत्रेचा फड ठरवताना



'फड' हा शब्द आपल्या भागात तीन ठिकाणी चालतो. तोडणीला आलेल्या उसाचा फड, कुस्त्यांचा फड आणि तमाशाचा फड. पहिला केव्हा तोडावा आणि उतारा कसा वाढवावा, यावर आपल्या पत्रिकेत नेहमीच लिहिले जाते. दुसऱ्या फडात कोणाची जोड कोणाशी लावावी, हे गावातला म्हातारा पैलवान डोळे झाकून सांगेल. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र आपण रंगीत पोस्टर बघतो, भाव करतो आणि सुपारी देऊन मोकळे होतो.

अर्धा एकर लागणीसाठी बेणे घ्यायचे झाले तर आपण त्या मळ्यात जाऊन उभे राहतो. कांडी मोडून पाहतो, डोळा पाहतो, बेणे किती महिन्यांचे ते विचारतो. आणि सबंध गावाच्या पट्टीचे पैसे मात्र छापील कागद बघून देऊन टाकतो. गाळप आटोपत आले की आपल्या गावोगावी जत्रांचे वारे सुरू होते आणि यात्रा कमिट्या बसू लागतात. त्या बैठकीला जाण्यापूर्वी चार गोष्टी ध्यानात असाव्यात, एवढ्यासाठी हा लेख.

आमच्या गावची गोष्ट

प्रथम स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे दुसऱ्याला शहाणपण सांगण्याचा थोडा अधिकार येईल.

काही वर्षांमागे आमच्या गावच्या यात्रा कमिटीत मी होतो. घरटी पाचशे रुपये पट्टी बसवली होती. आम्ही तिघे-चौघे जण जीप करून गेलो, एका राहुटीत बसलो, चहा घेतला. भिंतीवर मोठे पोस्टर होते. त्यावर नटलेल्या आठ-दहा मुली, मध्ये सरदार, वर वगाचे नाव. भाव ठरला, विसार दिला, परत आलो. सगळे मिळून तासाभराचे काम.

जत्रेच्या रात्री फड आला तेव्हा पोस्टरवरचे निम्मे चेहरे त्यात नव्हते. सात वाजता सुरू व्हायचा खेळ पावणेनऊला सुरू झाला. त्यात दोष फडाचा नव्हता, आमचा होता. पुढाऱ्यांचे सत्कार आणि भाषणेच दीड तास चालली. मग गण झाला, गवळण कशीबशी झाली, सिनेमाची पाच-सहा गाणी झाली, आणि वगाचा पडदा वर जाण्याआधी पोलिसांनी घड्याळ दाखवले. लाऊडस्पीकर बंद, खेळ बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर एका म्हाताऱ्या मावशींनी मला गाठले. त्या एकट्याच राहतात. पट्टीचे पाचशे त्यांनी शेळीचे दूध विकून भरलेले.

"काय वो आबा, पाचशे घेतलंसा. वग कुठं दावला?"

मी म्हटले, "मावशी, वेळ झाली म्हणून बंद पडला."

"मग येळ कुनी घालवली?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या वर्षापासून मी या विषयाची चौकशी करू लागलो.

फडाचे वर्ष आणि आपले वर्ष

आपल्या कारखान्याचा हंगाम आणि ढोलकीफडाच्या तमाशाचा हंगाम हे जवळजवळ जोडीने चालतात. दसऱ्याच्या सुमारास इकडे बॉयलर पेटवण्याची तयारी होते, तिकडे फड बाहेर पडतो. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत मोठे फड स्वतःचा तंबू घेऊन फिरतात आणि बाजाराच्या व यात्रांच्या गावी तिकिटावर खेळ करतात. चैत्र लागला की मामला बदलतो. मग गावजत्रांच्या सुपाऱ्या सुरू होतात. गावाने ठरीव रक्कम द्यावयाची, फडाने गावात येऊन सर्वांना मोफत खेळ दाखवावयाचा. हे पावसाच्या तोंडापर्यंत चालते. म्हणजे आपले गाळप आटोपत येते तेव्हा त्यांचे खरे गाळप सुरू होते.

पैशाची रीतही आपल्या ओळखीची आहे. तोडणीच्या टोळीला मुकादमामार्फत हंगामाआधी उचल द्यावी लागते, तशीच फडमालकाला कलावंतांना उचल द्यावी लागते. पावसाळ्यात कलावंतांच्या घरी चूल पेटते ती या उचलीवर. ढोलकीवाला, पेटीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली, शिवाय तंबू ठोकणारे बिगारी, ड्रायव्हर, आचारी अशी मोठ्या फडात शंभराच्या घरात माणसे असतात. एवढ्यांची उचल आणि गाड्यांची डागडुजी यासाठी मालक पुष्कळदा खाजगी कर्ज काढतो आणि ते चैत्र-वैशाखातल्या सुपाऱ्यांतून फेडतो. तिकिटाच्या खेळांवर पोट चालते, कर्ज फिटते ते जत्रांवर.

हे किती नाजूक आहे ते २०२० साली दिसले. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. सुपाऱ्या ठरण्याचा सर्वांत मोठा दिवस बुडाला आणि त्यामागे सगळा जत्रा हंगाम बुडाला. २०२१ मध्ये पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवसापासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. लागोपाठ दोन वर्षे उचल दिलेली, कर्ज डोक्यावर आणि उत्पन्न नाही. दोन वर्षे ऊस उभा राहून एक टिपरूही गाळले गेले नाही तर आपली काय गत होईल, त्यावरून कल्पना करावी.

कोठे आणि केव्हा पाहावे

पुणे-नाशिक रस्त्यावर जुन्नर तालुक्यातले नारायणगाव हे या व्यवहाराचे मोठे ठिकाण. लोक त्याला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या कमिट्या सुपारी द्यायला येतात. आपल्या दक्षिणेकडच्या लोकांना सांगली जिल्ह्यातले विटा हेही माहीत आहे.

परंतु राहुटीत खेळ दिसत नाही, तेथे फक्त पोस्टर दिसते. खेळ पाहावयाचा तर तो आधी, पौष-माघात, तंबूत तिकीट काढून पाहावा. कमिटीतल्या दोघा-तिघांनी असे दोन-तीन फड पाहिले तर खर्च तो किती? तिकीट आणि गाडीभाडे. सुपारीच्या मानाने ही रक्कम काहीच नव्हे, कारण आज मोठ्या फडाची सुपारी लाखाच्या पुढेच असते. जाताना एखादी जाणती बाईमाणूसही बरोबर घ्यावी. खेळ सगळ्या गावासाठी आहे आणि बायाबापड्यांना कोणता वग आवडेल, ते त्यांनाच विचारलेले बरे.

येथे एक फरक समजून घ्यावा. काही फड दसऱ्यापासून चालू असतात, तर काही केवळ जत्रांपुरते पाडव्याच्या सुमारास बांधले जातात. हे हंगामी फड थंडीत पाहायला मिळत नाहीत. ते वाईटच असतात असे मुळीच नाही आणि लहान गावाच्या ऐपतीला तेच परवडतात. मात्र त्यांच्याकडे सरदार कोण, सोंगाड्या कोण, गेल्या वर्षी ही माणसे कोणत्या फडात होती, हे नावानिशी विचारावे. जमल्यास गेल्या वर्षी ज्या गावाने त्यांना बोलावले, तेथल्या लोकांना फोन करावा. शेजारच्या गावाइतकी खरी माहिती दुसरे कोणी देत नाही.

काय पाहावे

खेळाला क्रम असतो. तो माहीत असला म्हणजे कोठे काटछाट झाली ते लगेच कळते.

आधी गण. गणपतीला आवाहन. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्यावर सरदार व मागचे झीलकरी गातात. झीलकऱ्यांचा सूर एकत्र लागतो का, हे येथे कान देऊन ऐकावे. फडाची तालीम झाली आहे की नाही ते गणातच कळते.

मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि गौळणींची मावशी. ही मावशी पुरुषच करतो. मावशी आणि पेंद्या यांचे बोलणे ठरलेले नसते, ते जागच्या जागी सुचावे लागते. चांगला मावशीवाला तुमच्या गावात आल्याबरोबर गावची चौकशी करतो. कोणाची विहीर आटली, रस्ता किती वर्षे रखडला, हे विचारून घेतो आणि रात्री सगळ्या गावाला हसवतो. विनोद सगळीकडे तोच असेल तर माणूस कच्चा समजावा.

पुढे बतावणी किंवा फार्स, आणि मग रंगबाजी, म्हणजे लावण्या आणि गाणी. अलीकडे या भागात ऑर्गन आणि ऑक्टोपॅड आले, सिनेमाची गाणी आली. त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही, तरुण पोरांना ते हवे असते. पण निदान दोन-चार अस्सल लावण्या ढोलकीवर होतात का, ते पाहावे. ढोलकीवाला आणि नाचणारी यांची जुगलबंदी ज्याने एकदा पाहिली, तो ऑक्टोपॅडवर समाधान मानणार नाही.

सर्वांत शेवटी वग. वग म्हणजे सबंध गोष्ट. राजा-प्रधानाची, दरोडेखोराची, हुंड्याची, भावाभावांच्या वाटणीची. तमाशाचा जीव वगात असतो. दादू इंदुरीकरांचे 'गाढवाचं लग्न' लोक वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहत, ते सावळ्या कुंभारासाठी. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचा 'जहरी प्याला' ज्यांनी पाहिला, ते आजही त्यातले हवालदार आठवून हसतात. ही माणसे पोस्टरवरच्या चेहऱ्यामुळे मोठी झाली नाहीत, वगातल्या बोलण्यामुळे झाली. म्हणून तंबूत खेळ पाहताना वग लागेपर्यंत उठू नये. वगात पब्लिक बसून राहते की चुळबुळ करते, हेही मागे वळून पाहावे.

वेळेचे गणित

पूर्वी गॅसबत्तीच्या उजेडात तांबडे फुटेपर्यंत वग चाले. आता ते शक्य नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. शासन वर्षातले काही ठराविक दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते, पण असे दिवस १५ पेक्षा जास्त नसतात आणि आपल्या जत्रेची तिथी त्यात असेलच असे नाही. तेव्हा आधी पोलीस ठाण्यात जाऊन आपल्या दिवशी मर्यादा किती वाजेपर्यंत आहे, ते विचारून परवानगी लेखी घ्यावी.

मग उलटा हिशेब करावा. वगाला दीड-दोन तास लागतात. गण, गवळण, बतावणी मिळून तास. रंगबाजी तासभर. म्हणजे सगळे मिळून चार तास. १० वाजता बंद करायचे तर ६ वाजता ढोलकी वाजली पाहिजे. ९ वाजता सुरू केले तर वग मिळणार नाही, मग फड कोणताही आणा. फडवाला काय करतो? वेळ कमी आहे असे दिसले की रंगबाजी ठेवतो आणि वग कापतो, कारण गाण्यांना शिट्ट्या मिळतात. असे वर्षानुवर्षे झाले की वगाची तालीमच होईनाशी होते. वगनटाला काम उरत नाही, तो मजुरीला जातो. वग मरतोय अशी ओरड आपण करतो, पण त्याला मारणाऱ्यांत आपले सत्कारही आहेत.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, सत्कार, शाली, नारळ हे सर्व सकाळी देवळात उरकावे. स्टेजवर खेळाखेरीज काही नको. दुसरा, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा खेळ असतो, तो नुसता गाण्यांवर न नेता त्यात वग मागावा. दिवसा १० च्या घड्याळाची धास्ती नाही. दुपारी कुस्त्या, सकाळी वग, असा दिवस चांगला भरतो.

पैशाचे गणित

ज्या तिथीला अनेक गावांच्या जत्रा एकत्र येतात, उदाहरणार्थ चैत्र पौर्णिमा, त्या दिवशी फडांना मागणी जास्त आणि भाव चढा. सगळ्यांनाच एका आठवड्यात तोड हवी असली की टोळी मिळत नाही, तसेच हे. देवाची तिथी आपल्याला हलवता येत नाही. पण छबिना आणि नैवेद्य तिथीला ठेवून खेळ दुसऱ्या रात्री ठेवला, तर त्याच पैशात बरा फड मिळू शकतो. तसेच शेजारच्या दोन-तीन गावांनी लागोपाठचे दिवस मिळून ठरवले, तर फडाचा गाडीखर्च वाचतो आणि आपल्याला सवलत मागता येते. सहकार आपण कारखान्यात शिकलो. तो जत्रेत वापरायला कोणाची हरकत आहे?

मात्र भाव पाडण्यालाही मर्यादा असावी. फार घासाघीस केली की मालक माणसे कमी आणतो. पोस्टरवरचे चेहरे गळतात ते येथेच. शिवाय खेळ चांगला होऊनही सकाळी "उरलेले पुढच्या आठवड्यात" असे सांगून फडाला वाटेला लावणारी गावे आहेत. फड पुढच्या गावी गेलेला असतो, वसुलीला येणार कोण? आपले ऊसबिल पंधरा दिवस लांबले तर आपण केवढा आरडाओरडा करतो, ते आठवावे.

कागदावर काय असावे

साध्या कागदावर पण दोन्ही बाजूंच्या सह्यांनी पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात.

१. तारीख, सुरू होण्याची वेळ आणि बंद करण्याची वेळ.
२. वगाचे नाव, आणि तो पुरा होईल असे स्पष्ट शब्दात.
३. सरदार, सोंगाड्या, मावशी आणि मुख्य गाणारी यांची नावे. आजारपणामुळे बदल झाल्यास आदल्या दिवशी कळवणे.
४. एकूण माणसे किती.
५. हजेरीचा खेळ आहे किंवा नाही, त्यात काय होणार.
६. सुपारी किती, विसार किती, बाकी केव्हा. बाकी खेळ संपल्यावर गाडी हलण्यापूर्वी द्यावी.
७. पाऊस आला किंवा परवानगी नाकारली गेली तर काय करावयाचे.
८. स्टेज, वीज, पाणी, जेवण यातले गावाने काय द्यावयाचे.

पाहुणे म्हणून

आठवा मुद्दा नीट वाचावा. फड येतो तो रात्रभर प्रवास करून, आदल्या गावचा मेकअप पुसलेला नसतो. त्यांना अंघोळीला पाणी, सावलीची जागा, आणि बायकांना कपडे बदलायला चारी बाजूंनी बंद, कडी लागणारी खोली हवी. शाळेची खोली कमिटीने मागून ठेवावी आणि तेथे गावातल्या दोन बायका उभ्या कराव्यात. स्टेजवर कोणी चढणार नाही याची जबाबदारी गावाने घ्यावी. तालमीतली पोरे याला उत्तम.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. पूर्ण दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. मध्येच कळा आल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभ्या राहिल्या, असे सांगतात. १९५७ आणि १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाले. २००२ साली त्या वारल्या, तेव्हा हाती काही उरले नव्हते. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार चांगलाच आहे. पण हजारो गावांनी त्यांना नाचताना पाहिले, आणि त्यांच्या म्हातारपणात त्यातली किती गावे त्यांच्या दाराशी गेली? आपल्या गावात येणाऱ्या बाईला निदान पाणी, आडोसा आणि वेळेवर पैसे मिळावेत, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाच्या अभिमानाची. लावणीचा मोठा शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) हा वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा, आपल्याच कृष्णाकाठचा. कुळकर्णी घराण्यातला मुलगा घरदार आणि जात सोडून फडात गेला. ज्या मातीत अशी माणसे झाली, तेथल्या लोकांना तमाशा पारखता येऊ नये हे काही बरे दिसत नाही.

असो. आमच्या फजितीनंतरच्या वर्षी आम्ही पाचजण माघात तीन तंबू पाहून आलो. मोठे नाव परवडणारे नव्हते. एक मधला फड घेतला. त्याचे पोस्टर साधे होते, पण सोंगाड्या खणखणीत होता आणि वगाला पब्लिक हलत नव्हते. सत्कार सकाळी उरकले, त्यावरून दोन पुढारी रुसले, ते पुढे आपोआप समजले. सव्वासहाला ढोलकी वाजली आणि दहाला पाच मिनिटे कमी असताना वग पुरा झाला. मालकाला बाकी रक्कम जागेवर दिली.

त्या मावशी पुढच्याच रांगेत पोते अंथरून बसल्या होत्या. उठताना मला म्हणाल्या, "आवंदा पैसं फिटलं बगा."

कमिटीला दुसरा अहवाल लागत नाही.